बसायचं मिनिट

विद्यापीठात त्यांना सगळे भोंगेकाका म्हणत. हुद्दा होता सुरक्षा पर्यवेक्षक, पण तो पगाराच्या चिठ्ठीखेरीज कुठे दिसत नसे. मुलं भोंगेकाका म्हणत, झाडलोट करणाऱ्या बायका म्हणत, कुलसचिव पाठीमागे म्हणत, आणि मीही म्हणायचे, ते माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे असून. मी पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते. सव्वीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे पुस्तकं खूप हाताळली, लिहिलं काहीच नाही. पण भोंगेकाकांबद्दल विद्यापीठाच्या वार्षिक अंकात निरोपादाखल जे अर्धं पान छापून आलंय ते इतकं गुळमुळीत आहे की ते वाचून माझं डोकं फिरलं. त्यात माझाही उल्लेख आहे, 'ज्येष्ठ सहकारी' म्हणून. म्हणून हे लिहायला घेतलं.

मूळचे ते वायरमन. आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. वर्षातून दोन-तीनदा कपाटाच्या काचा किणकिणतात, कोणीतरी 'जाणवलं का?' विचारतं आणि जो तो पुन्हा आपल्या कामाला लागतो. एकदा वरून फतवा निघाला की प्रत्येक इमारतीत भूकंपाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस हवा. प्राध्यापकांनी कानावर हात ठेवले. कारकुनांना एकाएकी पाठदुखी सुरू झाली. शेवटी शिडीवर चढून दिवा बदलत असलेल्या माणसाला खाली बोलावून सांगितलं, उद्यापासून पंधरा दिवस तुम्ही जा. ते गेले, आणि परत आले ते भलतेच झपाटून आले.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच गोष्ट. जमीन हलत असताना पळायचं नाही. जिन्यावर तर नाहीच, आणि लिफ्टचं नावही काढायचं नाही. असाल तिथे खाली बसायचं, भक्कम टेबलाखाली शिरायचं, एका हाताने डोकं आणि मान झाकायची, दुसऱ्याने टेबलाचा पाय घट्ट धरायचा. टेबल सरकलं तर आपणही त्याच्याबरोबर सरकायचं. हलणं पूर्ण थांबलं की मगच, चालत, डोक्यावर दप्तर धरून बाहेर पडायचं आणि भिंतींपासून लांब उभं राहायचं. "इमारत धड असली की माणसं मरतात ती पळताना," ते सांगत. "आपली इमारत धड आहे. खांब बघितलेत मी तिचे. वरून काय पडेल ते मात्र देवालाही सांगता येणार नाही."

ग्रंथालयातली एकशे चाळीस कपाटं त्यांनी स्वतः भिंतीला नि एकमेकांना पट्ट्या मारून जखडली. दोन महिने सुट्टीच्या दिवशी येऊन भोकं पाडत होते आणि मी दर सोमवारी पुस्तकांवरची धूळ झाडत त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. वसतिगृहात खोलीखोलीत जाऊन सांगत, उशाशी जड वस्तूंची फळी नको, पलंगाजवळ बूट आणि बॅटरी ठेवा, काचा पडल्या तर अनवाणी कुठे जाल. एका मुलाने विचारलं होतं, "काका, प्रेमपत्रं उशाशी ठेवली तर चालतील का?" काका गंभीरपणे म्हणाले, "किती किलो आहेत त्यावर आहे." असे होते ते. त्यांची चेष्टा करायला गेलेला माणूस हसत परत यायचा, पण बूट पलंगाजवळ ठेवायचा.

वर्षातून दोनदा सराव व्हायचा. भोंगा एक मिनिट वाजायचा, तेवढा वेळ सगळ्यांनी टेबलाखाली बसायचं. भोंगा थांबला की निघायचं. ते पहिलं मिनिट काकांचं लाडकं. 'बसायचं मिनिट' म्हणायचे ते त्याला. टेबलांमधून वाकून वाकून फिरायचे, कुणाची मान उघडी आहे, कुणी पाय धरलेला नाही, बघायचे. मला ते मिनिट अजिबात आवडत नसे. माझ्या खुर्च्या उलथ्यापालथ्या व्हायच्या, मुलंमुली खाली बसून खिदळायची, टेबलांच्या खालच्या बाजूला च्युइंगम चिकटवून यायची. माझं काम कागदावर वेळ लिहायचं. त्या कागदावर रकाना एकच होता: इमारत रिकामी होण्यास लागलेला वेळ. किती जण नीट बसले, असा रकाना नव्हता.

रकान्याचं असं असतं की तो एकदा छापला की माणसं त्याच्यासाठी जगायला लागतात. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की ज्या इमारतीची वेळ सगळ्यात कमी तिला ढाल द्यायची. आमची वेळ चार मिनिटं दहा सेकंद. समोरच्या इमारतीची तीन मिनिटं. काकांनी जाऊन बघितलं तर तिथल्या पर्यवेक्षकाने बसायचं मिनिट काढूनच टाकलेलं. भोंगा वाजला की पळा. काका तिथून तावातावाने आले आणि कुलसचिवांकडे तक्रार घेऊन गेले. कुलसचिव म्हणाले, "काका, दुसऱ्याचं कुसळ कशाला बघता? आपली वेळ कमी करा." पुढची दोन वर्षं ते दर सभेत बोलणी खात राहिले, पण मिनिट सोडलं नाही.

मग एक दिवस ते माझ्या काउंटरपाशी चहाचा कप घेऊन आले. कपाचा कान फिरवत राहिले. म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटतं? काढावं का ते मिनिट? बसायचं कसं ते वर्गात शिकवीनच की मी. सरावात फक्त पळायचं ठेवू."

मी म्हटलं, "काढा बाबा एकदाचं. माझी टेबलं तरी सुटतील."

एवढंच म्हटलं मी. विचारसुद्धा केला नाही. माझ्यासमोर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता आणि एका पुस्तकाची शेवटची दहा पानं कुणीतरी फाडून नेली होती, मी त्या रागात होते. ते "बरं" म्हणाले आणि कप विसळून गेले.

पुढच्या सरावाला आमची वेळ तीन मिनिटं पाच सेकंदांवर आली. मग काकांनाही चेव चढला, खोटं कशाला बोलू. माणूस मुळात कष्टाळू, जे करायला सांगितलं ते जीव ओतून करणारा. तळमजल्यावरचं मोठं काचेचं दार स्प्रिंगमुळे आपोआप मिटायचं, दर खेपेला कुणीतरी ते ढकलण्यात वेळ जायचा. काकांनी युक्ती काढली. एकाने सगळ्यांच्या आधी खाली पळायचं आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत दार उघडं धरून उभं राहायचं. हे काम आमच्या घाईने मागून घेतलं.

घाई हे मी ठेवलेलं नाव. दुसऱ्या वर्षाला होती, संख्याशास्त्र. जिन्याजवळचं टेबल तिचं. चालताना पळायची, बोलताना अर्धी वाक्यं गिळायची, पुस्तक परत करतानाच दुसरं हातात हवं असायचं. आई रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरी धुवायची आणि ही एकुलती एक. काकांना म्हणाली, "मी धरते दार. नाहीतरी मला कुठे एका जागी बसवतं?" काका हसले. तिच्या पायांवर आमची वेळ एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांवर आली आणि ढाल आमच्या भिंतीवर लागली. त्या दिवशी काकांनी अख्ख्या मजल्याला स्वखर्चाने चहा पाजला.

खरा भूकंप आला मंगळवारी सकाळी अकरा वीसला.

आधी काचा वाजल्या, नेहमीसारख्या. मग फरशी पायाखालून सरकली आणि आवाज आला तो कपाटांचा नव्हता, जमिनीचा होता. घाई पहिल्याच धक्क्याला उठली आणि जिन्याकडे गेली. मी तिला हाकसुद्धा मारली नाही. माझा गुडघा गेली कित्येक वर्षं धड नाही, सरावातही मी कधी पळाले नाही, सबब सांगून बसून राहायचे. त्याही दिवशी मी काउंटरखाली बसले ते शहाणपणाने नव्हे, गुडघ्यामुळे. तिथून मला दिसत होतं की बरीचशी मुलं गोंधळून उभी आहेत आणि समोरच्या टेबलाखाली पहिल्या वर्षाच्या दोन मुली शिरून बसल्यात, मान झाकून, पाय धरून. वर्गात ऐकलेलं त्यांच्या लक्षात होतं. मला वाटलं, शाब्बास.

तेवढ्यात भोंगा वाजला.

त्या दोघी एकमेकींकडे बघत टेबलाखालून बाहेर आल्या. एक म्हणाली, "अगं भोंगा झाला, चल." आणि सगळं ग्रंथालय जिन्याकडे धावलं. जमीन अजून हलतच होती.

काका तळमजल्यावर भोंग्याच्या खटक्यापाशी होते. त्यांनी मला पुढे कितीदा सांगितलं, हात आपोआप गेला म्हणून. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. नऊ वर्षं त्याच हाताने तोच खटका दाबला होता. फक्त आधी त्या भोंग्याचा अर्थ बसा असा होता आणि आम्ही तो बदलून पळा असा केला होता.

आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर शोभेसाठी दगडी लाद्या चिकटवलेल्या होत्या, चार मजले उंच. हलणं थांबायच्या बेतात असताना दारावरच्या नऊ लाद्या सुटल्या. सहा मुलं जखमी झाली, एकाचा खांदा कायमचा गेला. घाई दार धरून उभी होती. तिला रुग्णालयात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं, आणि नेलं ते तिची आई जिथे काम करायची त्याच रुग्णालयात.

मी काउंटरखालून बाहेर आले तेव्हा वर काय झालं होतं ते सांगते, कारण हे कुठे छापलेलं नाही. एकशे चाळीस कपाटांपैकी एकही पडलं नव्हतं. काकांच्या पट्ट्यांनी धरून ठेवली होती. चार पुस्तकं खाली आली होती आणि माझा शिक्क्याचा डबा उलटला होता. जी खोली त्यांनी दोन महिने खपून सुरक्षित केली होती, त्या खोलीतून आम्ही मुलांना हाकलून बाहेर नेलं होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात. पण आम्ही करायला गेलो होतो तरी काय? ढाल मिळवायला.

चौकशी समिती बसली. काकांनी तिथे सगळं सांगितलं, न विचारता सांगितलं. म्हणाले, मुली बसल्या होत्या, मी भोंगा वाजवून उठवल्या. मिनिट काढलं नसतं तर ती पोर दारात नसती. पुढच्या सरावाआधी ते मिनिट परत आणा, दुसरं काही मागत नाही. समितीतल्या एकाने विचारलं, "मिनिट काढायची सूचना कुणाची होती?" मी बाजूच्याच खुर्चीवर होते. काका म्हणाले, "माझीच." माझ्याकडे बघितलंही नाही. मी माझ्या बोटांकडे बघत बसले.

अहवालात आलं: नैसर्गिक आपत्ती. इमारत एक मिनिट बावन्न सेकंदांत रिकामी झाली याबद्दल कर्मचाऱ्यांचं कौतुक. स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता दोनशे बारा सहाध्यायांना वाट करून देणाऱ्या विद्यार्थिनीला अभिवादन. काकांनी तो कागद माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बाई, हिने कुणाला वाचवलं? वर धोका कुठे होता?" मी कागद घडी करून परत दिला.

मग घाईच्या नावाने दार धरण्याचा मान सुरू झाला. निवड समिती, चाचणी, पिवळं जॅकेट. पहिल्याच वर्षी अकरा मुलांनी अर्ज भरले. दारावर दगडी स्मृतिफलक लावायचंही घाटत होतं. दगड, आणि तो दारावर. काकांनी हातापाया पडून तो आत, कमरेच्या उंचीवर लावून घेतला. एवढं एक त्यांचं ऐकलं गेलं.

घाईची आई महिन्यातून एकदा ग्रंथालयात यायची. मुलीच्या खुर्चीवर अर्धा तास बसायची, जाताना टेबल पदराने पुसावं तसं हाताने पुसायची. हातांची कातडी सोड्याने पांढरी पडलेली. मला म्हणायची, "ताई, दोनशे बारा पोरं जिवंत आहेत. मी मोजत बसते. जिन्यावरून खाली येणारं प्रत्येक पोर बघते आणि म्हणते, हे तिचं." त्या बाईला त्या आकड्याखेरीज काही उरलं नव्हतं. आणि कुलसचिवांपासून शिपायापर्यंत तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. तिने आमच्या उपाहारगृहातली गळकी टाकी एकदा बोलून दाखवली तर दोन दिवसांत नवी आली.

काकांच्या हे बरोबर लक्षात आलं. म्हणाले, "मिनिट परत आणील तर ही माउलीच. तिला नाही म्हणायची कुणाची छाती नाही."

"मग सांगा तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? ताई, तुमची मुलगी उगीच गेली, हे सांगू? त्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही हो."

तरी ते गेले. दोनदा गेले. पहिल्या खेपेला तिच्या घरचा पंखा आवाज करत होता, तो दुरुस्त करून आले. दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातला सगळा स्विचबोर्ड बदलून आले. मी विचारलं, "बोललात?" तर म्हणाले, "वायरी फार जुन्या होत्या." हसू आलं मला, आणि लगेच लाज वाटली. त्या वर्षात त्यांचं वजन इतकं उतरलं की कमरेच्या पट्ट्याला त्यांनी स्वतःच खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती. मधूनच माझ्या काउंटरवर येऊन म्हणत, "पुन्हा हलणार आहे, बाई. आज नाही तर दहा वर्षांनी. आणि ही अकरा पोरं पळत सुटतील दार धरायला." मी पुस्तकांवर शिक्के मारत राहायचे.

वर्षश्राद्ध म्हणावं अशा दिवशी सराव ठेवला होता. मैदानात मंडप, पाहुण्यांच्या खुर्चीत घाईची आई, शेजारी कुलसचिव हातात घड्याळ घेऊन, आणि त्यांच्या मागे मी कागद घेऊन. भोंगा वाजवायचं काम काकांकडून काढून नव्या माणसाकडे दिलं होतं. अकरा वीसला भोंगा वाजला. पिवळ्या जॅकेटमधली मुलगी सगळ्यांत आधी पळत आली आणि तिने दार उघडून धरलं. आईने डोळ्याला रुमाल लावला.

मग मुलांचा लोंढा आला आणि दारात अडला. काका उभे होते तिथे, दोन्ही हात आडवे पसरून. ओरडत होते, "बसा. परत जा, टेबलाखाली बसा. बसा रे." आवाज चिरकत होता. मुलं आधी थबकली, मग हसली, मग त्यांच्या हाताखालून, बाजूने, त्यांना ढकलून बाहेर पडायला लागली. एकाने त्यांची टोपी उचलून परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. ते ओरडतच राहिले. मुलांना ते सांगत नव्हतेच. ते मैदानाकडे तोंड करून, घाईच्या आईकडे बघत ओरडत होते. समोर बसून जे तोंडातून निघालं नाही, ते त्यांना असं सांगायचं होतं.

आणि तिने ऐकलं. ती खुर्चीवरून अर्धी उठली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, ते काय सांगताहेत? बसा का म्हणताहेत?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चेहऱ्यावर शंका होती, तिथे नुसतं एक बोट लावायचं बाकी होतं. मी म्हटलं असतं, 'कारण वर बसली असती तर ती आज असती,' तर ती कोसळली असती आणि मग उठून कुलसचिवांकडे गेली असती, आणि मिनिट परत आलं असतं. हे मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला असता, मिनिट काढलं कुणी? काकांनी तेव्हाही मला वाचवलंच असतं. पण मला तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. नंतर मी स्वतःला समजावलं की तिची दया येऊन मी खरं सांगितलं नाही. ते खोटं आहे. मी भ्याले.

मी म्हटलं, "त्यांना बरं नसतं हल्ली. मनावर परिणाम झालाय."

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. ती मंडपातून उतरली आणि मुलांच्या गर्दीतून वाट काढत दारापाशी गेली. काकांचे पसरलेले हात तिने धरून खाली केले. त्यांना बाजूच्या पायरीवर बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी तोवर तिच्या मागे पोचले होते, म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, "दादा, जिवाला एवढं लावून घेऊ नका. उगीच नाही गेली ती. दोनशे बारा पोरं वाचवून गेली."

काकांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी तिला काय सांगितलं ते त्यांना कळलं होतं. मग तिला म्हणाले, "हो ताई."

मागून कुलसचिवांनी हाक मारली आणि वेळ लिहून घ्यायला सांगितली. दोन मिनिटं एकोणचाळीस सेकंद. या वर्षीच्या कागदावर एक नवा रकाना होता, उशिराचं कारण. मी लिहिलं: दारात कर्मचाऱ्याचा अडथळा.